ग्रामसभा जानेवारीत, गाव फडावर

ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा बनवायची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते आणि हिवाळाभर चालते. त्यातली मोठी ग्रामसभा 26 जानेवारीची. याच दिवसांत नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याची कुटुंबं दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात असतात. कातकरी वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर. मेळघाटातले कोरकू कापणीला, बांधकामाला, कुठेकुठे पांगलेले. दिवाळी उरकली की निघायचं आणि होळीला परतायचं, असं हे वर्ष आहे. गावाचा पैसा कशावर जाणार हे ज्या महिन्यांत ठरतं, नेमक्या त्याच महिन्यांत ज्या घरांतल्या मुलांची वजनं सगळ्यात कमी आहेत त्या घरांत कोणी नसतं. सभा होतेच. जमीन असलेले, नोकरीवाले, दुकानदार, एखादा ठेकेदार येतात. आराखड्यात सिमेंटचा रस्ता, सभामंडप, पेव्हर ब्लॉक येतात. यात कुणाचा कट नाही. जो हजर असतो तो आपल्या दारापुढचं मागतो, एवढंच.

आदिवासींचं राजकीय प्रतिनिधित्व आणि त्यांचं आरोग्य यांचा संबंध सांगताना बहुतेक लेख विधानसभेच्या राखीव जागांपासून सुरू होतात. म्हणून आधी तो हिशेब उरकू. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या 1 कोटी 5 लाख, म्हणजे 9.35 टक्के. विधानसभेच्या 288 पैकी 25 जागा त्यांच्यासाठी राखीव. लोकसभेच्या 48 पैकी 4: नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर. नंदुरबार जिल्ह्यातल्या विधानसभेच्या चारही जागा राखीव, गडचिरोलीतल्या तिन्ही राखीव. संख्येत मोठी खोट काढता येत नाही.

आता दुसरा आकडा. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर अनुसूचित जमातींमध्ये हजारी 57 होता, अनुसूचित जातींमध्ये 56, इतर मागासवर्गात 51 आणि उरलेल्या समाजात 38 ते 39. राखीव जागा 1952 पासून आहेत.

मग जागांचा उपयोगच नाही का? अभ्यास वेगवेगळं सांगतात, आणि त्यांतला फरकच कामाचा आहे. रोहिणी पांडे यांच्या 2003 च्या अभ्यासात विधानसभेतल्या जमातींच्या राखीव जागा वाढल्या तसा आदिवासी कल्याणावरचा खर्च वाढलेला दिसला. फ्रान्चेस्का येन्सेनियस यांनी 2015 मध्ये अनुसूचित जातींसाठी राखीव असलेले मतदारसंघ आणि तसेच दिसणारे खुले मतदारसंघ शेजारी ठेवून तीन दशकांचा विकास पाहिला. फरक जवळजवळ नाहीच. चट्टोपाध्याय आणि दुफ्लो यांनी 2004 मध्ये बीरभूम आणि उदयपूरच्या ग्रामपंचायती तपासल्या, तेव्हा मात्र स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केलेला आढळला. विधानसभेतली जागा राज्याच्या तिजोरीचा मोठा पाट वळवू शकते, पण त्या पाटातलं पाणी कोणत्या पाड्यावर पोचेल हे खालीच ठरतं, असं माझं वाचन.

आमदार का पुरत नाही, याची कारणं साधी आहेत. मतदारसंघ संयुक्त आहेत. दलितांच्या जागांसाठी 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारात ठरलेली ही रीत पुढे आदिवासींच्या जागांनाही लागू झाली: राखीव जागेवरचा उमेदवार सगळ्यांच्या मतांवर निवडून येतो. नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी 69 टक्के आहेत, तिथे निदान मतदार तरी त्यांचेच. गडचिरोलीत ते 39 टक्के. अनुसूचित जातींना तर राज्यातल्या एकाही जिल्ह्यात बहुमत नाही, त्यामुळे त्यांच्या राखीव जागेवर कोण जिंकणार हे बाकीचे ठरवतात. त्यात 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभागृहात मत पक्षादेशाप्रमाणेच द्यावं लागतं. पंचवीस आमदार वेगवेगळ्या पक्षांत विखुरलेले असले की त्यांचा गट म्हणून मतदान होऊ शकत नाही. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या कारभारासाठीच्या भागात, यावर उतारा म्हणून जनजाती सल्लागार परिषद दिली आहे. जास्तीत जास्त 20 सदस्य, त्यांतले तीन चतुर्थांश आदिवासी आमदार. नावातच सल्लागार आहे. सल्ला ऐकला नाही तर काय, याचं उत्तर त्या अनुसूचीत नाही. मेळघाटला राखीव जागा आहे, आमदार आहे, तरी तिथल्या कुपोषणाचा आणि बालमृत्यूंचा जाब 2007 सालच्या जनहित याचिकेतून उच्च न्यायालयाला वर्षानुवर्षे विचारावा लागला. जे काम सभागृहातल्या प्रश्नोत्तराच्या तासाला व्हायचं ते वकिलांच्या तारखांवर होत राहिलं.

कोणत्या दवाखान्याला कोणाचं दार

खाली उतरलं की पहिला गोंधळ असतो तो मालकीचा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय राज्य शासनाचं, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. अंगणवाडी एकात्मिक बालविकास सेवा योजनेची. 108 ची रुग्णवाहिका राज्याच्या कंत्राटावर. सिस्टरची जागा रिकामी आहे म्हणून आमदाराला निवेदन दिलं तर फोटो निघतो आणि कागद टपालाने जिल्हा परिषदेत येतो. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही म्हणून जिल्हा परिषद सदस्याला धरलं तर तो मान हलवतो, कारण त्याच्या हातात काहीच नसतं. ठराव करण्याआधी हे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि सहा महिने वाचतात.

आणि जिल्हा परिषदच नसेल तर? मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. गडचिरोली आणि अमरावती त्यांतच. आरोग्य समितीची बैठक नाही, सदस्य नाहीत, प्रश्न विचारणारं कोणी नाही. जिल्हा नियोजन समितीत चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांमधून निवडून यायला हवेत, तेही नाहीत. म्हणजे जिल्ह्याच्या निधीची वाटणी पालकमंत्री आणि अधिकारी यांच्यात. या काळात जे आरोग्य उपकेंद्र बंद राहिलं त्याबद्दल मत मागायला येणाऱ्या कोणाला जाब विचारायचा, हेच मतदाराला कळेना. निवडणुका लांबणं ही मला तरी आरोग्याची बातमी वाटते, पण ती छापली जाते राजकारणाच्या पानावर.

डोक्यांची मोजणी

सपाटीवर 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, 30,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, 1,20,000 मागे एक ग्रामीण रुग्णालय. डोंगरी आणि आदिवासी भागात हेच आकडे 3,000, 20,000 आणि 80,000. कागदावर ही सवलत आहे. पण बारामतीकडे 3,000 माणसं एका गावात मिळतात, धडगावात ती दहाबारा पाड्यांवर, दऱ्याखोऱ्यांच्या अल्याडपल्याड राहतात. निकष डोक्यांचा असेल तर विरळ वस्ती कायम हरते. मोजायचं तर चालायला लागणारे तास मोजावे लागतील, आणि पावसाळ्यातले. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदी चढली की पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या माणसाला डॉक्टर असून नसल्यासारखा. पोटुशी बाई झोळीत घालून न्यावी लागते ती अशाच जागी.

अंगणवाडीचंही तसंच. आदिवासी भागात 300 ते 800 लोकवस्तीला एक अंगणवाडी, 150 ते 300 ला मिनी अंगणवाडी. 120 माणसांचा पाडा शेजारच्या अंगणवाडीला जोडला जातो. तीन वर्षांचं मूल ओढा ओलांडून रोज जात नाही, त्याचं नाव मात्र पटावर असतं. पुढे ते कुटुंब ऊसतोडीला गेलं की नोंदीत 'स्थलांतरित' एवढा एक शब्द पडतो आणि चार महिने वजनाचा रकाना रिकामा. होळीला मूल परततं तेव्हा ते तीव्र कुपोषित श्रेणीत असतं, पण घसरण कोणत्या महिन्यात झाली हे सांगणारा आकडा कुठेच नसतो.

पाडा गाव झाला की काय बदलतं

पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आणि त्याखालचे महाराष्ट्राचे 4 मार्च 2014 चे नियम इथे कामाला येतात. राज्यात 13 जिल्ह्यांतल्या 59 तालुक्यांना, काहींना पूर्ण आणि काहींना अंशतः, ते लागू आहेत. या कायद्यात गाव म्हणजे महसुली गाव नव्हे. ज्या वस्तीतली माणसं आपला व्यवहार आपल्या रूढीप्रमाणे एकत्र चालवतात ती वस्ती, पाडा, टोला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा होते. आठ पाड्यांच्या गटग्रामपंचायतीत एका कोपऱ्यातल्या पाड्याचा ठराव कधीच पुढे सरकत नाही. स्वतःची सभा असली की तोच ठराव पाड्याचा अधिकृत कागद होतो.

रीत अशी. पाड्यातल्या मतदारांनी बैठक घेऊन बहुमताने ठराव करायचा. त्यात पाड्याच्या चतुःसीमा, घरांची संख्या, मतदारयादीतले अनुक्रमांक आणि ज्या ग्रामपंचायतीत पाडा आहे तिचं नाव हवं. हाताने काढलेला नकाशा चालतो. ठराव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे द्यायचा आणि पोच घ्यायची. प्रांत पडताळणी करतात, पुढचा प्रवास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत अधिसूचनेपर्यंत. अडतं ते बहुधा सीमेवर. शेजारच्या पाड्याशी जंगलाच्या किंवा चराईच्या हद्दीवरून वाद असला की पडताळणीला आलेला माणूस 'एकमत नाही' असा शेरा मारून जातो. म्हणून दोन्ही पाड्यांच्या जाणत्या माणसांच्या सह्या आधीच घेतलेल्या बऱ्या.

पेसा क्षेत्रात सरपंच आदिवासीच असतो आणि किमान निम्म्या जागा आदिवासींसाठी राखीव असतात. शिवाय महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या. पण सही कोण करतं आणि ठरवतं कोण, हे वेगळं राहू शकतं. सरपंचबाईंचा शिक्का नवऱ्याच्या खिशात आणि प्रोसिडिंग बुक ग्रामसेवकाच्या पिशवीत, हे दृश्य कोणत्याही तालुक्यात दिसेल. नेहमीची युक्ती अशी की हजेरीच्या सह्या आणि अंगठे कोऱ्या पानावर घ्यायचे आणि ठराव तालुक्याला बसून लिहायचे. ती मोडायला फार मोठी चळवळ लागत नाही. प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक यांची नावं, सभा उठण्याआधी ठराव मोठ्याने वाचणं, जमल्यास कोरकूत, पावरीत किंवा माडियात सांगणं, शेवटच्या ओळीखाली रेघ आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो. फोटो सगळ्यात महत्त्वाचा.

गणपूर्ती पेसा गावात मतदारांच्या 25 टक्के किंवा 100 जण, यांतलं जे कमी ते. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. ती बहुतेक ठिकाणी रजिस्टरमध्येच होते, आणि इथे आरोग्याचं सगळ्यात मोठं नुकसान होतं. एकच उदाहरण घेऊ. माहेरघर ही योजना बाळंतपणाच्या तारखेआधी काही दिवस गरोदर बाईला आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवण्यासाठी आहे. अवघड पाड्यांसाठी याहून चांगली कल्पना शोधून सापडणार नाही. तरी खोल्या रिकाम्या राहतात. का, ते पुरुषांच्या सभेत कळत नाही. बायका सांगतात: मागे दोन लहान पोरं आहेत, शेळ्या आहेत, सोबत येणाऱ्या सासूची मजुरी बुडते, आणि तिथे चूल नाही. मग सोबतच्या मुलांना खायला मिळेल का, सोबतणीला बुडीत मजुरी वेळेवर मिळेल का, हे ठरावाचे मुद्दे होतात. असं काही न लिहिता 'माहेरघर योजनेचा लाभ घ्यावा' असा ठराव करणं म्हणजे आजारी माणसालाच बरं व्हायला सांगणं.

पैसा कुठे अडकतो

आदिवासी उपयोजनेच्या, म्हणजे राज्याने आदिवासींसाठी वेगळ्या काढलेल्या निधीतला 5 टक्के हिस्सा थेट पेसा ग्रामपंचायतींना लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायचा निर्णय 21 एप्रिल 2015 चा. चार प्रकारच्या कामांवर तो खर्च करता येतो: पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वन्यजीव-जलसंधारण-वनउपजीविका. तिसऱ्या प्रकारात पाड्यावरच्या गरजा नेमक्या बसतात. पण कल पहिल्याकडे असतो, कारण बांधकामाला अंदाजपत्रक असतं, ठेकेदार असतो आणि उद्घाटनाला पाटी लावता येते. रात्री जीपचं भाडं द्यायला ठेवलेल्या पैशाला पाटी नसते.

त्याच्या जोडीला गावाची आरोग्य, पोषण, पाणी व स्वच्छता समिती. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान 15 सदस्य, त्यांत निम्म्या स्त्रिया, महिन्याला एक बैठक आणि मूळ नियमानुसार वर्षाला 10 हजारांचा मुक्त निधी. मुक्त म्हणजे कशावर खर्च करायचा ते गाव ठरवणार. प्रत्यक्षात तो उशिरा येतो आणि 31 मार्चपूर्वी संपवायचा म्हणून घाईने फिनेल, फलक आणि खुर्च्या येतात. समितीच्या रोख पुस्तकाची प्रत माहिती अधिकारात मागता येते. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. 'समितीची सर्व माहिती द्या' असं लिहिलं तर अर्ज परत येतो. 'अमुक आर्थिक वर्षातलं रोख पुस्तक, बैठकांचं इतिवृत्त आणि उपकेंद्राच्या हजेरीपटाची जानेवारी ते मार्चची पानं' असं लिहिलं तर टाळणं अवघड जातं.

अमृत आहार योजनेचं दुखणं निराळं. डिसेंबर 2015 पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बायकांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं: भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं, गूळ-शेंगदाण्याचा लाडू. योजना मुळात चांगलीच. पण पैसे थकले की सेविका वाण्याकडून उधारीवर सामान आणते. उधारी तटली की आधी अंडं जातं, मग लाडू, शेवटी डाळ पातळ होते. पट मात्र पूर्णच राहतो. पाड्याने पटावरच्या जेवणांची संख्या आणि आलेल्या पैशांच्या तारखा एका पानावर शेजारी मांडल्या की अडचण सेविकेची की वरची, हे लगेच दिसतं, आणि बिचाऱ्या सेविकेवरचा राग योग्य जागी वळतो.

असंच शेजारी मांडायचं काम महाराष्ट्रात 2007 पासून लोकाधारित देखरेखीने केलं. अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे पहिले पाच जिल्हे. गावात बसून लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांत सेवेचा ताळेबंद काढायचा, मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवायचा. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी, बंद उपकेंद्र, मोफत सेवेचे घेतलेले पैसे हे तिथे नावानिशी आणि तारखेनिशी आलं. मतपेटीच्या बाहेरचं हे प्रतिनिधित्व मला जास्त टोकदार वाटतं. मात्र जनसुनवाईत 'दवाखाना नीट चालत नाही' असं म्हणणारा उठला की अधिकारी निश्चिंत होतात. 'अमुक तीन तारखांना उपकेंद्राला कुलूप होतं, हे फोटो' असं म्हणणारा उठला की वही उघडते.

जे कुठल्याच यादीत नाहीत

पालघरचा कातकरी आणि रायगडचा कातकरी एकाच आदिम जमातीतले. पालघरच्या अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला पेसा आहे, 5 टक्के निधी आहे. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. तिथे आदिवासी सुमारे साडेअकरा टक्के असून विधानसभेच्या सातही जागा खुल्या. कातकरीवाडी गावाच्या कडेला, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जमिनीवर, ग्रामपंचायतीत एखादा सदस्य. नळाची लाइन वाडीच्या अलीकडे थांबते आणि त्यावर ठराव करायला वाडीला स्वतःची सभाच नाही.

भटक्या-विमुक्तांचं याहून अवघड. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून ते 31 ऑगस्ट 1952 ला सुटले, पण विधानसभेत त्यांच्यासाठी राखीव जागा नाही, जनगणनेत स्वतंत्र मोजणी नाही. वर दिलेले बालमृत्यूचे आकडे चार गटांचे आहेत, पाचवा गट तिथे नाहीच. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीत आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत, म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणींची बाळं जिल्ह्याप्रमाणे दोन निरनिराळ्या रकान्यांत मोजली जातील.

बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात आला तो 2019 मध्ये, वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणं फडावरच आहेत. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, एक दिवस चुकला की खाडा आणि त्याचा दंड. अंघोळीला आडोसा नाही, पाळीत बदलायला जागा नाही, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं. अंगावरून जाणं आणि ओटीपोटाचं दुखणं घेऊन ती खासगी दवाखान्यात गेली की पिशवी काढणं हा एकदाच होणारा खर्च ठरतो. नंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. ते बरंच झालं. पण खाडा तसाच राहिला, कारण त्याचा सौदा मुकादमाशी होतो आणि त्या टेबलावर बायका कधीच नसतात.

पेसा गावांना यातून एक वाट काढता येते. सभा ठरलेल्या चार तारखांपुरती अडकवून ठेवायची गरज नाही. गाव परत आल्यावर, होळीनंतरच्या आठवड्यात एक, आणि निघण्याआधी, नवरात्राच्या सुमाराला एक, अशा दोन सभा घ्यायच्या. पहिलीत परतलेल्या मुलांची वजनं आणि बाहेरगावी झालेली बाळंतपणं व मृत्यू नोंदवायचे. दुसरीत कोण कुठे जाणार, कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, कोणाचं लसीकरण राहिलंय याची यादी आशाताईंनी करायची आणि आराखड्याचे आरोग्याचे ठराव तिथेच करून ठेवायचे. जानेवारीच्या सभेत ते फक्त वाचून कायम करायचे.

मतदानाला अशी दुसरी तारीख मिळत नाही. 2024 मध्ये साखर कारखान्यांचा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू करायचं ठरलं, आणि विधानसभेचं मतदान होतं 20 नोव्हेंबरला. ऊसतोड मजुराला टपाली मतदानाची सोय नाही.